एकच शेड, तीच मशीन, तीच माणसं, पण साहेब बदलला की वीजबचत बदलते. असं का होतं?

वर्षा_नाशिक
नमस्कार मंडळी. मी अंबड एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत एचआरला आहे, गाड्यांच्या पार्ट्सचं मशिनिंग होतं आमच्याकडे. मॅनेजमेंटने यावर्षी पर्यावरण समिती केली आणि ती माझ्याकडे दिली. स्टिकर लावले, ५ जूनला झाडं लावली, शपथ घेतली, सगळं झालं. पण एक गोष्ट बरेच दिवस डोक्यात घोळतेय म्हणून हा धागा.

आमच्या एका शेडला दोन सुपरवायझर आहेत, एक फर्स्ट शिफ्टला, एक सेकंडला. मशीन त्याच. ऑपरेटर आणि कंत्राटी पोरं आलटून पालटून दोघांच्याही हाताखाली येतात. फर्स्ट शिफ्टवाल्या साहेबांच्या वेळी जेवणाच्या सुट्टीत पंखे बंद, रिकाम्या लाईनचे दिवे बंद, कॉम्प्रेसरच्या एअरचा व्हॉल्व्ह बंद, तेलकट चिंध्या त्यांच्याच ड्रममध्ये. सेकंडला हेच सगळं उलटं, पार्ट थंड करायचा कूलिंग टनेलसुद्धा रिकामा फिरत असतो आणि चिंध्या कागदाच्या कचऱ्यात. बरं सेकंडवाले साहेब काही वाईट नाहीत, प्रॉडक्शनला उलट तेच पुढे असतात. आणि फर्स्टवाले भाषण देताना मी कधी ऐकलेलं नाही. पोरं तीच आहेत, मग फरक कुठून येतो? हे शिकवता येतं का की माणसाचा मूळ स्वभावच असावा लागतो? तुमच्या कामाच्या ठिकाणचे अनुभव सांगा, चांगले वाईट दोन्ही चालतील.

निशिगंध
छान विषय. वाचतेय.

शॉपफ्लोअर
वर्षाताई, मी मेंटेनन्सचा माणूस, सगळं आयुष्य कॉम्प्रेसर रूमच्या आसपास गेलं, त्यामुळे हवेवरूनच सांगतो.

फॅक्टरीतली हवा, म्हणजे कॉम्प्रेसरने दाबून पाईपातून मशीनला दिलेली, फुकट असते असं सगळ्यांना वाटतं, प्रत्यक्षात तीच सगळ्यात महागडी. ज्या प्लांटमध्ये कोणी लक्ष देत नाही तिथे कॉम्प्रेसरने बनवलेल्या हवेतली २० ते ३० टक्के हवा गळतीतच जाते. ७ बार दाबाच्या लाईनला ३ मिलिमीटरचं भोक असलं आणि दिवसरात्र चालू राहिलं तर ते ३-४ किलोवॅट सहज खातं, म्हणजे वर्षाला पंचवीस हजारांच्या वर युनिट. आता हे भोक मला ऑफिसात बसून दिसत नाही. ते माहीत असतं मशीनवरच्या पोराला, कारण त्याच्या कानाशी दिवसभर सूं सूं चालू असतं.

तो पोरगा एक दिवस सुपरवायझरला सांगतो, साहेब इथं हवा लीक होतीय. इथे सगळं ठरतं बघा. साहेब म्हणाला "बरं, तू आधी पीस काढ", की संपलं, तो पोरगा पुन्हा आयुष्यात लीकेज सांगणार नाही, शेजारच्यालाही सांगेल कशाला तोंड वाजवतो म्हणून. आणि साहेबाने तिथेच मेंटेनन्सला फोन लावला, दुसऱ्या दिवशी कपलिंग बदलून मिळालं, तर तोच पोरगा पुढच्या आठवड्यात आणखी दोन जागा दाखवतो. तुमचे फर्स्ट शिफ्टवाले साहेब पहिल्या तक्रारीला काय उत्तर देतात तेवढं बघा. माझी पैज आहे, फरक तिथेच आहे.

अभ्यासिका
शॉपफ्लोअर यांनी जे लिहिलंय तेच संशोधनातही आलंय. माझा विषय संघटनात्मक मानसशास्त्र आहे म्हणून थोडं लिहिते, लांबण लागलं तर सोडून द्या.

कॅथरीन रॅमस आणि उलरिच स्टेगर यांनी २००० साली युरोपातल्या पर्यावरणात आघाडीवर समजल्या जाणाऱ्या कंपन्यांमधल्या कर्मचाऱ्यांना विचारलं होतं की तुम्ही स्वतःहून पर्यावरणासाठी काही नवीन करून बघता का, आणि कधी करता. जिथे कंपनीचं धोरण स्पष्ट माहीत होतं आणि थेट वरचा साहेब पाठिंबा देतो असं वाटत होतं तिथे लोक जास्त पुढाकार घेत होते. पण त्यातच असंही दिसलं की हेच साहेब लोक इतर कामांत जेवढा पाठिंबा देतात तेवढा पर्यावरणाच्या कामात देत नाहीत. आणि या आघाडीवरच्या कंपन्या, बाकीच्यांची कल्पना करा.

मग २०१३ मध्ये जेनिफर रॉबर्टसन आणि ज्युलियन बार्लिंग यांचा अभ्यास आला. त्यांनी परिवर्तनवादी नेतृत्व नावाची जुनी कल्पना खास पर्यावरणाला लावून पाहिली. त्यात साधारण चार गोष्टी येतात. साहेब स्वतः करून दाखवतो. हे का करायचं ते मनाला भिडेल असं सांगतो. "नेहमी असंच करतो" याला प्रश्न विचारायला लावतो. आणि प्रत्येक माणसाला काय जमेल काय नाही हे ओळखून त्याच्याशी बोलतो. असं वागणाऱ्या साहेबांच्या हाताखालच्या लोकांमध्ये पर्यावरणाबद्दलची ओढही जास्त दिसली आणि प्रत्यक्ष वागणंही. मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते ओढ. धाकाने दिवा बंद होतो, पण धाक देणारा रजेवर गेला की चालू राहतो.

रोखठोक
माझं मत वेगळं आहे. हे सगळं साहेबाच्या चांगुलपणावर सोडणं म्हणजे साहेब बदलला की सगळं पाण्यात. वर्षाताईंच्या उदाहरणातच ते दिसतंय की, दुपारी शिफ्ट बदलली की खेळ खल्लास. मोशन सेन्सर लावा, जेवणाच्या सुट्टीत एअर आपोआप बंद होईल असा टायमर लावा, प्रिंटर दोन्ही बाजूंनी छापायलाच सेट करून ठेवा. माणसाच्या मनावर कशाला अवलंबून राहायचं?

एसीचंच घ्या. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलवाले रूम एसी २४ अंशांच्या डिफॉल्टवरच यायला लागले, ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा नियम. तापमान एक अंश वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते असं तेच सांगतात. इथे कुठल्या नेत्याने कोणाला प्रेरणा दिली? कारखान्यातून सेट करून आला, विषय संपला.

शॉपफ्लोअर
रोखठोक साहेब, टायमर मी स्वतः बसवलेत, फायदा होतो, नाही म्हणत नाही. पण टायमरला बायपास मारणारेही मी बघितलेत. सेन्सरवर टेप चिकटवतात. का चिकटवतात, तर तो बसवताना तिथे काम करणाऱ्याला कोणी विचारलेलं नसतं, हात न हलवता गेजने माप घेत उभा राहिला की डोक्यावरचा दिवा जातो त्याच्या. यंत्र बसवायच्या आधी विचारणं हे पण साहेबाचंच काम झालं ना.

रोखठोक
हा मुद्दा मान्य. विचारून बसवा. पण बसवा.

पूर्वा_योकोहामा
रोखठोक, तुमच्या एसीवरून इथलं उदाहरण आठवलं. जपानमध्ये २००५ च्या उन्हाळ्यात कूल बिझ नावाची मोहीम सुरू झाली. सरकारी ऑफिसांत एसी २८ वर ठेवायचा आणि त्यासाठी सूट-टाय घालायचा नाही. आता तुम्हाला वाटेल यात काय एवढं, पण इथे ऑफिसला टाय न घालता जाणं म्हणजे समोरच्याचा अपमान केल्यासारखं समजत. नुसतं परिपत्रक काढून कोणी टाय काढला नसता. तेव्हाचे पंतप्रधान कोइझुमी स्वतः टाय न लावता टीव्हीवर दिसायला लागले, पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी तर सगळा प्रचारच अंगावर घेतला होता, मोठमोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांना हलके कपडे घालून लोकांसमोर आणलं. वरच्याने टाय काढला की खालच्याला परवानगी मिळते. २०११ च्या भूकंपानंतर विजेची टंचाई आली तेव्हा हे आणखी पुढे नेलं.

माझ्या ऑफिसमध्ये मी हे जवळून पाहिलंय. आमचे विभागप्रमुख मे महिन्यात ज्या दिवशी हाफ शर्टात येतात त्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खा मजला हाफ शर्टात असतो. त्यांनी एक शब्द बोललेला नसतो. त्यामुळे २८ चा आकडा डिफॉल्टने आला तरी तो टिकला वरच्यांच्या कपड्यांमुळे, असं मला वाटतं.

कोथरूडची_सई
पूर्वा, भारी! आमच्याकडे उलटं आहे. मोठे साहेब वर्षभर ब्लेझरमध्ये, म्हणून एसी १८ वर, म्हणून आम्ही सगळ्या जणी एप्रिलमध्ये शाली घेऊन बसतो. माझी आई विचारते तू ऑफिसला जातेस की महाबळेश्वरला.

निशिगंध
सई, +१०० शाल क्लब. माझ्या ड्रॉवरमध्ये स्वेटर, मोजे आणि कानटोपी तिन्ही आहेत.

अभ्यासिका
यावर पण अभ्यास आहे! ऑफिसातल्या तापमानाची मानकं १९६० च्या दशकात साधारण चाळिशीतला, सत्तर किलोचा पुरुष धरून बसवली गेली आणि बायकांच्या शरीरात उष्णता कमी तयार होते हे त्यात धरलंच नाही, असं २०१५ मध्ये दोन डच संशोधकांनी दाखवलं. म्हणजे एसी दोन अंश वाढवणं हे विजेसाठीही चांगलं आणि निम्म्या ऑफिससाठीही. ज्या साहेबाने बायकांना एकदा विचारलं असेल त्याला हे कुठलाही अभ्यास न वाचता कळलं असतं.

चाक_आणि_स्टिअरिंग
मी कोल्हापूरकडचा, प्रवासी वाहतुकीत आहे. आधी बस चालवली, आता ड्रायव्हर लोकांना शिकवतो. आमच्यात पर्यावरण हा शब्द कोण वापरत नाही बघा, आमच्यात ॲव्हरेज. पण डिझेल वाचलं म्हणजे धूर वाचलाच की.

मी लागलो तेव्हा एका ठिकाणी मॅनेजर महिन्याला बोर्डावर यादी लावायचा, सगळ्यात कमी ॲव्हरेज देणाऱ्यांची नावं लाल शाईनं. लोकांनी काय केलं असेल? गाडी बदलून मागायचे, घाटाचा रूट नको म्हणायचे, जुनी गाडी दुसऱ्याच्या गळ्यात घालायचे. डिझेल एक थेंब वाचलं नाही आणि ड्रायव्हर-ड्रायव्हरमध्ये भांडणं मात्र लागली. खरं म्हणजे ॲव्हरेज ड्रायव्हरवर जेवढं तेवढंच टायरच्या हवेवर, एअर फिल्टरवर, रस्त्यावर असतं, सगळं खापर एकट्याच्या डोक्यावर फोडून कसं चालंल.

नंतर आम्हाला एक इन्स्ट्रक्टर मिळाले ते स्वतः शेजारी बसून यायचे, सरळ गाडीत. क्लचवर पाय ठेवून चालवतोय का, गिअर उशिरा टाकतोय का, पुढं सिग्नल लाल दिसतोय तरी अॅक्सिलरेटर दाबतोय का. ओरडायचे नाहीत. स्टँडवर गाडी उभी असली की म्हणायचे बंद कर, नुसती घरघरत ठेवली तरी मोठं इंजिन तासाला दोन लिटरच्या आसपास पितं. आणि महत्त्वाचं म्हणजे परत आल्यावर ते वर्कशॉपला जाऊन सांगायचे की या गाडीचा ब्रेक घासतोय, आधी तो सोडवा मग ड्रायव्हरला बोला. आमच्या बाजूनं कोणतरी बोलतंय म्हणल्यावर आम्हीपण जीव लावून चालवायला लागलो. आज मी पोरांना शिकवताना तेच करतो.

वर्षा_नाशिक
चाक_आणि_स्टिअरिंग दादा, तुमचा प्रतिसाद मी आमच्या प्लांट हेडना वाचून दाखवणार आहे. "आधी ब्रेक सोडवा मग ड्रायव्हरला बोला" हे आमच्याकडे लिहून ठेवायला हवं.

मधुकर_नगरी
करून दाखवणारा नेता म्हटलं की मला गाडगेबाबाच आठवतात. गावात आले की आधी हातात खराटा, दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री त्याच गावाला कीर्तनात प्रश्न विचारायचे. लोकांना आधी झाडताना दिसायचे म्हणून रात्रीचं बोलणं पोचायचं. त्यांच्या नावाने राज्यात ग्रामस्वच्छता अभियान निघालं ते उगीच नाही.

आणि आमच्या जिल्ह्यातलं हिवरे बाजार. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले तेव्हा गाव ओसाड होतं, लोक कामाला बाहेर जायचे. आज शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी हे नियम गाव पाळतं. दरवर्षी पाऊस मोजायचा, गावात पाणी किती आहे त्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावर कोणती पिकं घ्यायची ते ठरवायचं. एवढं मोठं बंधन लोक पाळतात याला नेतृत्व नाही म्हणायचं तर काय?

रोखठोक
मधुकरराव, आदर आहेच, पण गाव आणि कंपनी वेगळी. सरपंचाला लोकांनी निवडलेलं असतं, निर्णय ग्रामसभेत होतो, पाणी वाचलं तर ते माझ्याच विहिरीत येतं. कंपनीत वाचलेल्या विजेचा फायदा मालकाला. कंत्राटी पोराला काय मिळतं? तो कशाला पंखा बंद करेल?

मधुकर_नगरी
प्रश्न बरोबर आहे तुमचा. पण मग उत्तरही तिथेच आहे, कंपनीने आपली ग्रामसभा भरवावी. वाचलेल्या पैशातून काय करायचं ते शेडमधल्या लोकांना विचारा. कुणाला थंड पाण्याचा कूलर हवा असेल, कुणाला चांगले बूट. पाण्याचा ताळेबंद सगळ्या गावासमोर मांडतात म्हणून लोकांचा विश्वास बसतो. तुमच्याकडे विजेचं बिल ऑपरेटरला कधी दिसतं का?

गोदाकाठ
मधुकर_नगरी +१. बिल दाखवण्याबद्दल माझा अनुभव चांगला आहे. आमच्या हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये उरलेलं अन्न रोज मोजून बाहेर फळ्यावर लिहायला सुरुवात केली, फक्त आकडा, कोणाचं नाव नाही. आणि आमच्या मेट्रन रोज स्वतः येऊन ते वाचतात आणि रांगेत उभं राहून अर्धीच पोळी घेतात. लोक आता वाढणाऱ्या ताईंना "थोडं कमी" असं सांगतात, पूर्वी सांगायला लाजायचे.

अभ्यासिका
गोदाकाठ, अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या इमारतींमध्ये असाच प्रयोग झाला होता, २०११ मध्ये छापून आला. काही इमारतींना दर महिन्याला गटाचा वीजवापर कळवला, काहींमध्ये सहकाऱ्यांपैकीच एकाला पुढे करून त्याच्याकडून माहिती दिली, आणि काहींना नुसतीच माहिती. आकडा कळवला तिथे वापर ७ टक्के कमी झाला, सहकारी बोलले तिथे ४ टक्के. नुसत्या माहितीने विशेष काही झालं नाही. वर्षाताई, तुमचे स्टिकर या तिसऱ्या गटात येतात.

टेकाडावरचा
एवढं सगळं कशाला, पेपर कप वापरला की पन्नास रुपये दंड. आठवड्यात सुधारतील.

अभ्यासिका
टेकाडावरचा, दंडाचं थोडं जपून. इस्रायलमध्ये हैफा शहरातल्या पाळणाघरांत उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावून बघितला होता, २००० साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला, कारण आधी लोकांना संकोच वाटायचा, आता पैसे दिले की झालं. दंड काढून टाकल्यावरही उशीर खाली आला नाही. पन्नास रुपये ज्याला परवडतात तो रोज पेपर कप वापरेल आणि मनाला काही लागणारही नाही.

टेकाडावरचा
हे माहीत नव्हतं. मग स्टीलचे कप द्या आणि धुवायची सोय करा. आमच्याकडे साहेब स्वतःचा कप स्वतः धुतात, ते बघून निदान चार जण तरी धुवायला लागलेत.

लॅब_कोट
मी केमिकल झोनमधल्या एका कंपनीत ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटच्या, लॅबला होते. कंपनीचं नाव सांगणार नाही. वाचत होते, लिहू की नको विचार करत होते, पण या विषयात हे यायला हवं.

सांडपाणी बाहेर सोडताना मर्यादा असतात. आमच्या कन्सेंटमध्ये, म्हणजे प्रदूषण मंडळाच्या परवान्यात, बीओडी ३० आणि सीओडी २५० मिलिग्रॅम प्रति लिटर होता (पाण्यातली घाण किती ते सांगणारे हे दोन आकडे). तिथे जे साहेब होते त्यांना पर्यावरणाची बक्षिसं मिळवायची फार हौस होती, मीटिंगमध्ये त्यावर तासभर बोलायचे, भिंतीवर प्रमाणपत्रं. पण सॅम्पलचा आकडा जास्त आला की पहिला प्रश्न असायचा "कोणी घेतलं सॅम्पल? परत घे." परत घे, परत घे, म्हणजे शेवटी हवा तो आकडा लिही. आम्ही समजून चुकलो. कागदावर सगळं हिरवंगार आणि पावसाळ्यात रात्री काय सुटायचं ते नाल्यालाच माहीत. मी ती नोकरी सोडली.

आताच्या कंपनीतल्या मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, आकडा वाईट आला तर रात्री दोनलाही मला फोन कर, रागावणार नाही, लपवलास तर मात्र रागावेन. आणि एकदा खरंच एरेशन टँकमधले घाण खाऊन पाणी साफ करणारे जिवाणू मेले, प्रॉडक्शनकडून न सांगता सॉल्व्हंट आलं होतं. मी फोन केला. त्यांनी डिस्चार्ज थांबवला, पाणी होल्डिंग टँकमध्ये वळवलं, प्रॉडक्शनला बॅच पुढे ढकलायला लावली, वरून बोलणी खाल्ली असणार, पण माझं नाव कुठेही येऊ दिलं नाही. त्यानंतर प्रॉडक्शनचे ऑपरेटर स्वतःहून आम्हाला फोन करून सांगतात की आज अमुक ड्रेन येणार आहे. मला वाटतं पर्यावरणाच्या बाबतीत साहेबाची खरी परीक्षा वाईट बातमी ऐकताना होते. लाईट आणि पेपर कप त्याच्या पुढे लहान गोष्टी आहेत.

शॉपफ्लोअर
लॅब_कोट ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. सलाम तुमच्या मॅडमना, आणि तुम्हालाही, नोकरी सोडायला हिंमत लागते.

गोदाकाठ
+१. नदीकाठी राहणाऱ्या सगळ्यांतर्फे आभार. फेस आलेलं पाणी आम्ही पाहतो, त्यामागे कोणाच्या तरी टेबलावर "परत घे" म्हटलेलं असतं हे पहिल्यांदा कळलं.

अटलांटाचा_अमोल
इथे माझ्या राज्यातलं एक उदाहरण द्यायलाच हवं, रे अँडरसन. इंटरफेस ही कार्पेट बनवणारी कंपनी, जॉर्जियातली. कार्पेट म्हणजे नायलॉन, म्हणजे सगळं पेट्रोलियमवर. १९९४ मध्ये ग्राहक विचारायला लागले की तुम्ही पर्यावरणासाठी काय करता, आणि कंपनीतल्या लोकांसमोर यावर बोलायची वेळ आली तेव्हा त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. तेव्हा ते साठीचे होते, कंपनी त्यांनीच उभी केलेली. एक पुस्तक वाचून ते इतके हलले की सगळ्या कंपनीसमोर २०२० पर्यंत पर्यावरणावरचा वाईट परिणाम शून्यावर आणायचं ध्येय ठेवलं. ते २०११ मध्ये गेले, पण कंपनीने ते काम सोडलं नाही.

रोखठोक, तुमचा साहेब बदलला की सगळं पाण्यात हा मुद्दा इथे तपासून बघा. ते गेल्यावरही टिकलं, कारण त्यांनी "वाया" ची व्याख्याच बदलून लोकांच्या हातात दिली होती. ग्राहकाच्या उपयोगाला न येणारं जे काही ते सगळं वाया, मग ते चुकीचं बिल का असेना, आणि ते शोधायचं काम प्रत्येक कारखान्यातल्या लोकांच्या छोट्या गटांकडे. थ्रीएम या अमेरिकन कंपनीतही १९७५ पासून असंच आहे, प्रदूषण मुळातच कमी करायच्या कल्पना कर्मचारी स्वतःहून मांडतात आणि त्या राबवल्या जातात. म्हणजे सुरुवात एका माणसाने केली तरी पुढे ते लोकांच्या सवयीत गेलं.

रोखठोक
अमोल, हे उदाहरण चांगलं आहे, मानतो. माझं म्हणणं थोडं बदलून सांगतो, साहेबाने सुरुवात करावी, पण स्वतःशिवाय चालेल अशी व्यवस्था ठेवून जावं. वर्षाताईंच्या फर्स्ट शिफ्टवाल्यांनी ते अजून केलेलं नाही. ते गेले की गेलं.

मावशींची_बाजू
एक राहतंय. कचरा. आमच्या ऑफिसात ओला-सुका वेगळा करायची मोहीम झाली, तीन रंगांच्या बादल्या, सगळे शिस्तीत टाकायला लागले. आणि संध्याकाळी हाऊसकीपिंगच्या मावशी सगळं एकाच काळ्या पिशवीत. लोक चिडले, तक्रारी झाल्या. मी मावशींना विचारलं तर म्हणाल्या, ताई ट्रॉली एकच आहे, लिफ्ट आम्हाला सहानंतर मिळते, दुसरी फेरी मारली तर माझी सातची लोकल जाते. कॉन्ट्रॅक्टर पिशव्याही मोजून देतो. कोणत्याही साहेबाने हे विचारलं नव्हतं, कारण त्या "आपल्या" कर्मचारी नाहीत ना. शेवटी ॲडमिनच्या एका मुलीने स्वतःच्या अधिकारात लिफ्टची वेळ बदलून दिली आणि दुसरी ट्रॉली मागवली. त्या दिवसापासून कचरा वेगळा जातोय. नेतृत्व म्हणजे कायम केबिनवालाच असतो असं नाही.

निशिगंध
मावशींची_बाजू, तुमचं नाव पण आवडलं आणि मुद्दा पण. उद्या आमच्या मावशींशी बोलते.

वर्षा_नाशिक
मंडळी, दोन दिवस धागा बघता आला नाही, ऑडिट होतं. सगळे प्रतिसाद वाचले, मनापासून आभार.

शॉपफ्लोअर, तुमची पैज तुम्ही जिंकलात. मी दोन्ही शिफ्टला जाऊन नुसती बसले. फर्स्टवाल्या साहेबांच्या खिशात एक छोटी वही आहे, कोणी काही सांगितलं की लिहितात आणि काम झालं की त्या पोरासमोरच खोडतात. जेवायला जाताना स्वतः एअरचा व्हॉल्व्ह बंद करतात आणि कधी विसरले तर पोरं ओरडतात "साहेब, हवा!". मला ते फार आवडलं.

मग सेकंडवाल्या साहेबांशी बोलले. ते म्हणाले मॅडम, मला महिन्याला विचारतात ते फक्त पीस. विजेचं मला कोणी कधी विचारलं? मेंटेनन्सचा माणूस संध्याकाळी सहाला घरी जातो, मी लीकेज सांगायचं कोणाला? आता यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे हा स्वभावाचा प्रश्न नाहीच, निदान पूर्ण नाही. एकाच्या मागे मेंटेनन्स उभा आहे आणि दुसऱ्याच्या नाही.

प्लांट हेडशी बोलले. ते तयार झालेत, येत्या साप्ताहिक सुट्टीला मशीन बंद असताना फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवून स्वतः लीकेज राऊंड घेणार. वीज कमी लागली तर वाचलेल्यातला काही भाग शेडसाठी, काय घ्यायचं ते शेडने ठरवायचं. सेकंड शिफ्टला मेंटेनन्सचा एक माणूस मिळावा ही मागणी मी लेखी दिलीय. आता एक विचारायचंय, गळती शोधायचं अल्ट्रासोनिक यंत्र आमच्याकडे नाही, भाड्याने आणायचं का?

चाक_आणि_स्टिअरिंग
सेकंडवाल्या साहेबांचं ऐकून घेतलंत ते फार बरं केलं ताई. त्यांचा पण ब्रेक घासत होता बघा.

रोखठोक
आणि ती वही आता दोन्ही शिफ्टची एकच करा. म्हणजे माणूस बदलला तरी काम पुढे जाईल.

लॅब_कोट
वर्षाताई, प्लांट हेड राऊंडला येणार म्हणून आदल्या दिवशी कोणी घाईघाईने गळत्या बुजवल्या नाहीत ना ते बघा. आधीच सांगून टाका की जास्त गळत्या सापडल्या तर कोणाला बोलणी बसणार नाहीत.

शॉपफ्लोअर
लॅब_कोट ताईंचं बरोबर आहे, हे आधी सांगाच.

यंत्राची घाई नको. मशीन बंद असल्या की शेड शांत असते, अर्ध्या गळत्या कानानेच कळतात. बाकीच्यांसाठी साबणाचं पाणी आणि ब्रश, कपलिंग, होसचे जॉइंट, एफआरएलच्या (हवेच्या फिल्टर-रेग्युलेटरच्या) वाट्या, सिलिंडरच्या फिटिंग, एअर गनचे ट्रिगर. फुगे आले की तिथे टॅग बांधायचा, टॅगवर तारीख आणि ज्याने शोधली त्याचं नाव. सुरुवातीला सगळे वापर बंद ठेवून कॉम्प्रेसर किती मिनिटं लोड होतो (हवा भरतो) आणि किती मिनिटं अनलोड (नुसता फिरतो) ते घड्याळ लावून लिहून ठेवा, त्यावरून गळती किती टक्के ते निघतं, दुरुस्तीनंतर परत मोजा म्हणजे फळ्यावर लिहायला खरा आकडा मिळेल. आणि राऊंडला दोन्ही सुपरवायझर हवेत, सेकंडवाले पुढे आणि प्लांट हेड त्यांच्या मागे बादली धरून. नाशिकला माझा भाऊ असतो, त्या दिवशी मी तिकडेच आहे, चालत असेल तर मीही येतो.

वर्षा_नाशिक
चालतंय काय, याच! गेटपास तयार ठेवते. सेफ्टी शूज मात्र स्वतःचे आणा.